भुरीचं रेडकू आणि माझा मोबाईल

कुणाकडेही गेलं आणि पाच मिनिटांत आतून गॅसच्या लायटरचा टक्-टक् आवाज आला की मी ओळखते. झालं, चहा आला! मग मी बसल्या जागेवरूनच सांगते, "वहिनी, माझा बिनदुधाचा हं," आणि वहिनी पदराला हात पुसत बाहेर येतात. "शुगर आहे का?" नाही. "मग ॲसिडिटी?" इथे मी थकते. कधी खरं सांगते, कधी म्हणते, हो, ॲसिडिटी. खरं सांगितलं तर अर्धा तास जातो, आणि शेवटी गाडी "पण आपण तिला माताच मानतो की!" इथे येऊन थांबते. म्हणजे बघा, खोटं वागायचं नाही म्हणून मी दूध सोडलं, आणि दूध सोडल्यापासून दिवसाला दोनदा खोटं बोलते. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

व्हीगन हा शब्द मला फार उशिरा कळला. तोवर मी नुसतीच 'दूध न पिणारी, डोक्यावर परिणाम झालेली' होते. आता शब्द आहे, तर त्या शब्दाची माणसंही भेटतात, आणि खरं सांगू का, त्यातल्या निम्म्यांशी माझं पटत नाही. परदेशातून आलेल्या बदामाच्या दुधाचे खोके दाखवत मला अहिंसा शिकवतात. अरे, शेंगदाणे भिजवा, वाटा, गाळा! मी बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरं मोबाईलनं मोठी करून वाचते, लग्नात पंक्तीला बसायच्या आधी आचाऱ्याला गाठून जिलबी तुपातली की तेलातली ते विचारते, रेशमी साडी नेसत नाही. एक मोबाईल सात-आठ वर्षं वापरते, बॅटरी मीच बदलते, कारण त्यातला धातू कुणीतरी कुठेतरी मातीत हात घालून काढलेला असतो. आणि मोबाईलमधल्या सगळ्या घंट्या बंद ठेवते. तो 'टुंग' आवाज मला सहन होत नाही. आमचा भाचा म्हणतो, "मावशी, तू एवढी कॉम्प्युटरवाली आणि तुझा मोबाईल मुका कसा?" त्याला काय सांगू? आवाजानं समोरच्याकडून काय काय काढून घेता येतं ते मी सतरा वर्षांची असताना पाहिलंय. पाहिलंय कसलं, मीच केलंय. ते आज लिहून टाकायचं आहे. दोन दिवस झाले, लिहायला बसते आणि उठून भांडी घासते.

आमचं गाव म्हसावदजवळचं. आबा, म्हणजे माझे वडील, पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात कामाला, पाळी संपली की मोटारसायकलवरून घरी आणि घरून तसेच शेतात. आईला आम्ही माय म्हणायचो. घरात सगळे अहिराणीच बोलायचे, मराठी शाळेपुरती आणि पाहुण्यांपुरती. सकाळ व्हायची ती मायच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडदाची, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल आणि तिखट. दुपारी भरीत, नाहीतर उडदाची दाळ, उन्हाळ्यात वाळवलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. आज हिशेबानं बघितलं तर आमचं चार आणे सोडून सगळं जेवण व्हीगनच होतं, फक्त ते कुणाला माहीत नव्हतं. आड यायची ती कढी. फुणके, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके, केले की कढी हवीच, आणि मायच्या हातची कढी उतू येताना जो वास सुटायचा त्याची आठवण आली की माझ्या तोंडाला आजही पाणी सुटतं. लपवून काय करू? तत्त्व तत्त्वाच्या जागी, जीभ जिभेच्या जागी.

मला तेव्हा एकच नाद होता, मोबाईल. ताईच्या नवऱ्यानं, म्हणजे दाजींनी, नवा घेतला तेव्हा काच तडकलेला जुना मला दिला, आणि मी त्या तड्याला चिकटपट्टी लावून त्याच्यावर राज्य केलं. गल्लीतल्या कुणाचाही मोबाईल अडला की तो माझ्याकडे यायचा. आणि मी आवाज साठवायची. फोटो सगळेच काढतात, मी आवाज घ्यायची. पिठाच्या चक्कीचा, मिरच्या कांडणाऱ्या बायांचा, आबांच्या मोटारसायकलचा, ती फाट्यावरून वळते तेव्हाचा. प्रत्येकाला नाव देऊन, मेमरी कार्डावर एक कॉपी आणि शाळेतल्या कॉम्प्युटरवर एक, अशी जपून ठेवायची. माय म्हणायची, "चक्कीना आवाज काय पुरी ठेवस? चक्की काय पळी जाई का?" पण चक्की खरंच गेली, आणि तिचा आवाज माझ्याकडे आहे.

त्या वर्षी ताई बाळंतपणाला माहेरी आली. दाजी सुरतेला कामाला, त्यांना सुट्टी नाही. ताईला मुलगा झाला, आणि त्याच आठवड्यात आमची म्हैस भुरी व्याली. तिलाही नरच झाला, रेडकू. ताईच्या पोरासाठी पेढे वाटले. रेडकाकडे बघून आबा एवढंच म्हणाले, "रेडकू शे. काय गाडाले जुपाना शे त्याले?" पारडी झाली असती तर ती उद्याची म्हैस. रेडकाचा उपयोग एकच, त्यानं चार ओढे ओढले की म्हैस पान्हा सोडते. मग त्याला बाजूला करायचं आणि बादली लावायची. ते बाजूला करण्याचं काम माझं होतं. त्याच्या गळ्यातली दोरी धरून मी मागे ओढायची. ते पाय रोवायचं, मान वळवून परत आचळाकडे जायचं, तोंडाला फेस. मी विचारायची, माय, अजून थोडं पिऊ देऊ? आणि माय म्हणायची, "जास्ती पी गयं तं हगवन लागी त्याले. बांध." मी बांधायची. मला ते खरं वाटायचं, किंवा खरं वाटून घेणं सोयीचं होतं. बांधलं की ते ओरडायचं, बारीक, चिरक्या आवाजात, शेवटाला तुटल्यासारखं. तो आवाज मी एका सकाळी मोबाईलमध्ये घेतला. नाव दिलं: रेडकू.

ते महिनाभर जगलं. पोट खपाटीला, पायात पाय अडकून पडायचं. सगळ्यांना दिसत होतं, आणि कुणी काही म्हणत नव्हतं. बाळंतिणीला दूध हवं होतं ना! ताईला आधी अंगावर दूध कमी होतं, पोर रडून रडून लाल व्हायचं, आणि मायला एकच काळजी: हळिवाची खीर दुधात, मेथीचा लाडू दुधाबरोबर, रवा दुधात. भुरीचं दूध ताईत जायचं आणि ताईचं पोरात. एका दुपारी भुरी गुराख्याबरोबर नाल्यावर डुंबायला गेली असताना रेडकू मेलं. मायनं दारातून सांगितलं, "मरी गयं वं बाई," आणि आबांनी भुरी परत यायच्या आत ते बांधापलीकडे नेऊन पुरलं. हे असंच करतात. तिनं बघायला नको.

संध्याकाळी भुरी आली, रिकाम्या खुंट्याला हुंगलं, एक-दोनदा रेकली आणि उभी राहिली. माय बादली घेऊन बसली, तर थेंब नाही. सरकीच्या पेंडीची ढेप पुढे टाकली, पाठीवरून हात फिरवला, नाव घेऊन आळवलं. काही नाही. दुसऱ्या सकाळीही तेच, वर लाथ. "पान्हा चोरस ती," माय म्हणाली. आबा म्हणाले, पूर्वी मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे उभं करायचे, ती चाटत राहायची आणि दूध द्यायची. आपण पुरायची घाई केली. ताई आत पोराला घेऊन बसली होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं. आबांनी पुढचंही बोलून टाकलं, "आटी गयी तं बजारमा लई जासूत. भाकड जनावर कोन पोसस?"

त्या दिवशी संध्याकाळी माय परत बादली घेऊन बसली होती आणि मी गोठ्याच्या दाराशी बसून मोबाईल चाळत होते. चुकून बोट लागलं की मुद्दाम लावलं, हे मी स्वतःला शंभर वेळा विचारलंय. रेडकू ओरडलं. भुरीनं चारा सोडून मान वर केली, कान पुढे, आणि मायच्या हातात, अहो, धारच लागली! मी घाबरून बंद केलं तर माय ओरडली, "ए नूतन, बंद नको करू! चालू ऱ्हाऊ दे!" बादली भरली. मायच्या डोळ्यांत पाणी, आबांच्या तोंडावर हसू, आणि मी? मी हरखून गेले होते. ते कबूल केलंच पाहिजे. सगळं घर अडलं होतं आणि माझ्या तडकलेल्या मोबाईलनं सोडवलं होतं. शेजारच्या सुमनकाकू बघायला आल्या आणि गालावर बोट ठेवून म्हणाल्या, "काय पोर शे माय! म्हैसले बी मोबाईल लावी दिधा!" गल्लीभर झालं. दोन घरांतून निरोप आले, आमच्या वासराचाही आवाज घेऊन ठेव म्हणून, आणि मी जाऊन घेऊन आले. शाळेत मुली मला इंजिनियर म्हणायला लागल्या.

आणि मग माझी झोप, भूक, सगळं त्या मोबाईलच्या बॅटरीला बांधलं गेलं. लाईट कधी जाईल नेम नाही. चार वाजले की मी अभ्यासातून उठून बॅटरी बघायची. पावसाचा थेंब पडला की वाटायचं, आता तार तुटेल, लाईट जाईल, मोबाईल बंद पडेल, भुरी आटेल, बाजारात जाईल, ताईच्या ताटात काय पडेल? मी त्या आवाजाच्या पाच कॉप्या करून ठेवल्या, कुठे कुठे. पण खरी भीती वेगळीच होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. भुरीला कळलं तर? ती रोज आवाज आला की माझ्याकडे वळायची. आधी जमिनीवर शोधायची, मागे बघायची, मग तिला उमजलं असावं की आवाज माझ्या हातातून येतो. ती मोबाईल हुंगायला लागली. एक दिवस तिनं जीभ काढून त्या काचेवरून फिरवली, सावकाश, खालून वर, रेडकाच्या पाठीवरून फिरवायची तशी. चिकटपट्टी ओली झाली. मायनं हसून म्हटलं, "देख, लाड करी ऱ्हायनी." मी मोबाईल ओढणीला पुसला आणि हसले, पण भुरीकडे बघायचं टाळलं.

पोराला दीड महिन्याची लस द्यायची होती. माय त्याला घेऊन म्हसावदला दवाखान्यात गेली, बरोबर सुमनकाकू. ताईला रात्रभर जागरण झालं होतं म्हणून तिला झोपू दिलं. ती आतल्या खोलीत गाढ झोपली होती. मी ओट्यावर बसून दाजींना पाठवायला पोराचे आधी घेतलेले आवाज निवडत होते, त्याचं हुं-हुं, त्याची शिंक, त्याचं रडणं. नीट आलंय का म्हणून रडणं लावून बघितलं. मोबाईलचा आवाज गोठ्यासाठी मोठा ठेवलेला असायचा, तो तसाच होता.

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. ताई भिंतीला धरून बाहेर आली, केस सुटलेले, डोळे धड उघडलेले नाहीत, आणि दोन्ही हात पुढे. "आण आठे," ती म्हणाली. मग तिनं माझ्या मांडीकडे बघितलं, ओट्यावर बघितलं, पाळण्याकडे बघितलं. "मन्हा पोऱ्या कोठे शे?"

"माय लई गयी त्याले, लस द्याले," मी म्हणाले.

"तं मंग हाई कोन रडी ऱ्हायनं?"

मोबाईल माझ्या हातात अजून रडत होता. मी तो बंद केला. ताईच्या ब्लाऊजवर दोन ओले डाग पडले होते आणि ते मोठे होत होते. तिनं खाली बघितलं, मग माझ्याकडे. आधी तिला हसूच आलं. "तू माले बी म्हैस समजनी का वं?" म्हणाली. आणि ते बोलता बोलताच ती उंबऱ्यावर बसली, पदर छातीशी आवळला आणि रडायला लागली, पोरासारखी, जोरात. मी तिच्याजवळ जाऊ शकले नाही. माझ्या हातात ते यंत्र होतं. पोर दोन कोसांवर होतं आणि तिचं दूध इथे गळत होतं, कुणासाठीच नाही. माय पोराला घेऊन परत आली तेव्हा ताईनं ते जवळजवळ हिसकावून घेतलं. त्या दिवसानंतर तिला दूध कधी कमी पडलं नाही, हे मात्र खरं. पण मी काही त्याचं श्रेय घेणार नाही.

त्या संध्याकाळी मायनं चहाचा कप पुढे केला आणि मला तो पिता येईना. मी काही ठरवलं नव्हतं. घशाखाली उतरेना, एवढंच. "माले काळा दे," म्हटलं. "कसाले काळा? घरमा दूध शे ना!" नको. "काबर नको?" मी कप परत चुलीपाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी कढी नको म्हटलं, तिसऱ्या दिवशी दही. आमच्याकडे माणसानं एखादी आवडीची वस्तू सोडली तर त्याचा अर्थ एकच असतो, देवाला बोलणं झालंय. कुणी वांगं सोडतं, कुणी गूळ. सुमनकाकूंनी मायला विचारलं, "कोनासाठे सोडं तिनी दूध?" आणि मायनं, माझ्या देखत, मागचा-पुढचा विचार न करता सांगून टाकलं, "भाचासाठे. कानबाईले बोलेल शे ती." कानबाई म्हणजे आमच्याकडची देवी. आली का पंचाईत! गल्लीतल्या बाया माझ्या डोक्यावरून हात फिरवायला लागल्या, केवढी माया मावशीची! मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन केला. पण मायला मी रागावूही शकत नव्हते. तिला वाटलं तेच तिनं सांगितलं; आणि आता मोडायचं म्हटलं तर पोराला शिंक जरी आली तरी खापर माझ्यावर. म्हणजे माझं दूध सोडणं असं नवसानं पक्कं झालं. पुढे कितीतरी वर्षं आमच्या गावात मी व्हीगन नाही, कानबाईला बोललेली होते. अजूनही असेन.

पण चहा सोडला म्हणून गोठा सुटला नव्हता. सकाळ-संध्याकाळ मायची हाक यायची, "नूतन, आण मोबाईल," आणि मी नेत होते, आवाज लावत होते आणि डोळे मिटत होते. दूध पीत नाही आणि दूध काढून देते, नाकानं कांदे सोलायचा प्रकार. भुरी येऊन काच चाटायची. मी मायला सांगून बघितलं की हे बरं नाही, आपण तिला फसवतोय. माय चुलीपुढे बसली होती, तिनं मागे वळूनही बघितलं नाही. "मंग तुन्ही बहीन काय खाई?" म्हणाली. ते बरोबर होतं. मी नेटवर शोधायला लागले, बाळंतिणीनं दुधाशिवाय काय खावं. तीळ, शेंगदाणे, हळीव, मेथी, बाजरी, खजूर. सगळं आमच्या डब्यांतच होतं की! तीळ-शेंगदाण्याचे लाडू केले, पहिले दगड झाले, दुसरे जमले. हळीव नारळाच्या दुधात शिजवला. ताईनं मुकाट्यानं सगळं खाल्लं. तिनं एकदाच विचारलं, "बंद करशी का ते?" मी म्हटलं, भुरी आटली तर आबा तिला विकतील. ताई पोराला थोपटत राहिली. मला तर दोन्हीकडून खाई दिसत होती. आवाज लावला तर मी फसवणार, नाही लावला तर माझ्यामुळे ती बाजाराच्या टेम्पोत चढणार. बाजारात भाकड म्हशीचं काय होतं ते शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

आणि मग एका दुपारी मी तो आवाज पुसला. धाडस वगैरे काही नाही. सकाळी भुरीनं काच चाटता चाटता मोबाईल माझ्या हातातून खाली पाडला, चिखलात, आणि तो तसाच ओरडत होता. ती त्याला पोटाखाली घेऊन उभी राहिली, चारी पाय लांब ठेवून, कुणाला जवळ येऊ देईना. मायलाही शिंगं दाखवली. अर्धा तास आम्ही तिला हटवू शकलो नाही. मोबाईल चिखलात, आवाज घुसमटलेला, आणि ती राखण करत उभी. तो परत हातात आला तेव्हा मी चिखल काढून, वाळवून, पाचही कॉप्या शोधल्या आणि एकेक करून पुसल्या, शाळेतल्या कॉम्प्युटरवरचीही. मी, जी चक्कीचा आवाजही टाकत नाही. शेवटची पुसताना मोबाईल विचारतो ना, नक्की का? मी 'हो'वर बोट ठेवलं.

संध्याकाळी मायची हाक आली. मी गोठ्यात गेले आणि सांगितलं, "माय, पुसी टाकं मी." मला वाटलं मारेल. तिनं बादली खाली ठेवली. भुरी नेहमीसारखी वळून आली, माझा हात हुंगला, ओढणी हुंगली, मोबाईल ठेवायची पिशवी हुंगली. मग काच चाटली. थांबली. परत चाटली. कान पुढे करून वाट बघत राहिली. आणि मग तिनं मान वर केली आणि रेकली. तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, आणि ज्या हातात सगळे आवाज साठवायचा मोबाईल होता त्या हातानं तो साठवला नाही. ती त्या रात्री रेकली, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. नाल्यावर गेली नाही, चाऱ्याला तोंड लावलं नाही. गल्लीतली माणसं दारात येऊन बघून जायची. मी कानांत बोटं घालून बसायची आणि वाटायचं, खोटं का होईना, तिच्याकडे काहीतरी होतं. ते मी काढून घेतलं. मी बरोबर केलं का? इतकी वर्षं झाली, प्राण्यांच्या हक्कांवर एवढं वाचलं, लोकांशी भांडले, आणि या एका गोष्टीचं उत्तर मला अजून येत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा पाळीवरून आले. मोटारसायकल लावली, दारातच थांबून ते रेकणं ऐकलं आणि मायला म्हणाले, "टेम्पोवालाले सांगी येस. भाकड व्हई गयी ती आते." घरात त्या दिवशी दूध नव्हतं, मायनं सगळ्यांना काळा चहा केला होता आणि आबांचा कप तिच्या हातात होता. ताई पोराला घेऊन आतल्या दारात उभी, मी ओट्याच्या कडेला. मला वाटलं आता माय माझ्याकडे बोट दाखवेल. तिनं कप आबांच्या हातात दिला.

"टेम्पोले नको सांगा," ती म्हणाली. "इतला दिन तिले माहीत नव्हतं. तिनासाठे रेडकू आते मरनं. घरमा सूतक शे."

सुतकात आमच्याकडे घरातून काही विकत नाहीत, काही बाहेर देत नाहीत. आबांनी चहाकडे बघितलं, मायकडे बघितलं. मग कप ओट्यावर ठेवला, डोक्यावरची टोपी काढून खुंटीला लावली, आणि ढेपेचं टोपलं उचलून गोठ्याकडे गेले. भुरी रेकतच होती.